मका हरणांचा, ताव शेळ्यांचा

पत्र : ताई, आम्ही ऑस्टिनजवळ राहतो. तीन वर्षांपूर्वी टेक्ससच्याच लॅनो काउंटीत 90 एकर जमीन घेतली. शेतीची करसवलत आधीपासून होती, ती टिकावी म्हणून तीसेक शेळ्या ठेवल्यात, काही बोअर जातीच्या, काही स्पॅनिश. आम्ही फक्त शनिवार-रविवारी जातो, एरवी शेजारचा एक माणूस दिवसातून एकदा चक्कर मारतो. शिकारीसाठी जमीन चौघांना लीजवर दिली आहे. त्यांनी हरणांसाठी मक्याचे दोन फीडर उभे केले (टायमरवर चकती फिरते आणि पिंपातला मका चहूकडे उडतो), पण चकती फिरल्याचा आवाज आला की हरणांच्या आधी आमच्या शेळ्या हजर! शिकारी वैतागले, म्हणून मी 34 इंची हॉग पॅनेल (जाड तारांच्या जाळीचे तयार तुकडे) आणून दोन्ही फीडरभोवती लावली. स्पॅनिश शेळ्या पहिल्याच दिवशी उडी मारून आत. सासरे जत तालुक्यातून इथे आलेत. ते म्हणतात, लोढणी बांधा, नाहीतर खाऊ द्या, फुकटचा मका आहे. नवरा म्हणतो, उंच कुंपण घालू. पण मग हरणं तरी आत जातील का? की शेळ्याच विकून टाकू?

उत्तर :

कुंपणाचं नंतर बघू. आधी सासऱ्यांच्या ‘फुकटच्या मक्या’बद्दल, कारण तुमच्या पत्रात खरा धोका तिथे आहे.

मूठभर मक्याने शेळीला काही होत नाही. पण पाला आणि झुडपं खाणाऱ्या जनावराने एकदम पोटभर मका खाल्ला, तर कोठीपोटात त्याचं आम्ल होतं, रवंथ थांबतो, जनावर गळून बसतं. त्यातच आंत्रविषाराचे जंतू उचल खातात आणि मग संध्याकाळी धडधाकट दिसलेली शेळी सकाळी पाय ताठ करून पडलेली सापडते. सासऱ्यांना आंत्रविषार समजावून सांगायला लागणार नाही. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर त्याची लस टोचतात, ती त्यांनी स्वतः धरून टोचून घेतली असेल. इथे तीच गोष्ट फीड स्टोअरमध्ये ‘सीडी-टी’ नावाने मिळते. पहिल्यांदा टोचत असाल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दर वर्षी एक. तुमच्या कळपाला ती दिलेली नसेल तर पॅनेल घ्यायला जाल त्याच फेरीत ती घेऊन या.

खच्ची केलेले बोकड असतील तर आणखी एक भानगड. मक्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम नावालाच. रोज मका खाणाऱ्या खच्ची बोकडाला मूतखडा होतो, लघवी अडते, आणि ते लक्षात येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. बोकड कण्हत, पाय ताणून उभा राहिलेला दिसला तर बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा.

चकतीचा फीडर एका वेळी थोडाच मका उडवतो, त्यामुळे तुमच्या शेळ्या आजवर निभावल्या. खरा घात होतो तो दुसरीकडे : शिकाऱ्याने पिकअपमधून काढून ठेवलेलं 50 पौंडांचं पोतं, किंवा दार न लागणारी पत्र्याची शेड. मका आणि हरणांच्या प्रोटीन खाद्याच्या गोळ्या ठेवायला झाकणाचे लोखंडी पिंप द्या त्यांना, आणि झाकणाला आकडा असू द्या. त्या चौघांपैकी कुणी तळाशी नळ्या असलेला प्रोटीन फीडर लावायचं म्हणत असेल, ज्यातून जनावर तोंड घालून हवं तेवढं खातं, तर त्याला पक्कं कुंपण होईपर्यंत साफ नाही म्हणा.

लोढण्याबद्दल : जतमध्ये गळ्यात लोढणं घातलेली गाय पिकात शिरत नाही, कारण तिला पळता येत नाही. लॅनोमध्ये कोयोटी, म्हणजे इथले कोल्ह्यासारखे शिकारी प्राणी आहेत. ज्या शेळीला पळता येत नाही, तिचं लोढणं फीडरपासून दूर ठेवण्याआधी कोयोटीची सोय करेल. शिवाय सीडरच्या झुडपात ते अडकलं तर शनिवारपर्यंत सोडवायला कोण येणार? सासऱ्यांच्या डोक्यातल्या एका गोष्टीला मात्र इथे जागा आहे, ती पुढे सांगते.

आता पॅनेल. 34 इंची हॉग पॅनेल डुकरांसाठी बनलंय. डुक्कर सहसा उडी मारत नाही, ते खालून उकरतं. त्यामुळे खालच्या तारा जवळजवळ आणि उंची बेताची, म्हणजे पाडसांनाही ओलांडता येईल अशी. शेळीला ते कुंपण नव्हे, ओटा आहे. जड अंगाची बोअर कदाचित पुढचे पाय टेकवून विचार करत राहील, पण स्पॅनिश शेळी थांबत नाही, आणि एक आत गेली की बाकीच्या बघून शिकतात.

तुम्हाला हवं आहे 16 फूट लांब, 48 ते 50 इंच उंच आणि चार बाय चार इंचांच्या चौकोनी जाळीचं गोट पॅनेल. त्याच उंचीचं कॅटल पॅनेल स्वस्त पडतं आणि दुकानदार तेच पुढे करेल, पण त्याचे चौकोन मोठे. शिंगाची शेळी त्यात डोकं घालते आणि शिंगं मागे आडवी आल्यामुळे तिला ते काढता येत नाही. रोज कुणी बघणारं असतं तर मी एवढं ताणलं नसतं. तुमच्याकडे दिवसातून एक चक्कर, तीही शेजाऱ्याच्या सवडीने. ऑगस्टच्या उन्हात अडकलेली शेळी तेवढी वाट बघू शकत नाही. (शिंगांवर आडवी काठी चिकटपट्टीने बांधतात, म्हणजे डोकं आत जातच नाही. एखाद-दुसऱ्या खोडकर शेळीपुरती ती युक्ती चालते. सासऱ्यांना सांगा, लोढण्याचा हा इथला चुलत भाऊ.)

हॉग पॅनेल टाकून देऊ नका. ती शेळ्यांच्या कोंडवाड्याला किंवा विण्याच्या जागेला उपयोगी पडतील.

घेर किती ठेवायचा हे पुस्तकी आकड्यावरून ठरवू नका. दुपारी फीडरजवळ जा, टायमरवरचं चाचणीचं बटण दाबा आणि शेवटचा दाणा कुठवर पडतो ते पायांनी मोजा. बॅटरी सहा व्होल्टची की बारा व्होल्टची, पिंप किती उंचावर, चकती कुठल्या कोनात, यावर ते बदलतं. त्या शेवटच्या दाण्यापासून आणखी सात-आठ फूट बाहेर कुंपण आलं पाहिजे. दोन कारणं. एक म्हणजे दाणे बाहेर पडत राहिले तर शेळ्या कुंपणाशीच मुक्काम ठोकतील आणि हरणं लांबून बघून परत जातील. दुसरं, हरणाला उडी मारून उतरायला आणि घाबरलं तर आतून पळत येऊन पुन्हा उडी घ्यायला मोकळी जागा लागते. लोक आठ पॅनेलमध्ये भागवतात. त्याचा व्यास जेमतेम 40 फूट येतो आणि मग हरणं आत येत नाहीत म्हणून तक्रार करतात. 34 इंचाला तेवढं चालून जातं. 50 इंचाला मी बारा पॅनेल घेईन : 192 फुटांचा घेर, म्हणजे सुमारे 60 फूट व्यास. दोन फीडरना एवढं कुंपण घालण्यापेक्षा एक फीडर सरळ काढून टाका. 90 एकरांत, चार शिकाऱ्यांना, नीट चालणारा एक पुरेसा आहे. त्यांना पटत नसेल तर दुसऱ्याचा खर्च त्यांचा.

आकार गोलच ठेवा. कोपऱ्यात जनावर कोंडतं, आणि कोपरा शेळीला चढायला सोपा जातो. जागा निवडताना बाहेरच्या बाजूला चार-पाच पावलांत मोठा दगड, तुटलेलं खोड, पाण्याची टाकी असं काही नको. लॅनोत ग्रॅनाइटचे गोटे कुठे नाहीत हा प्रश्नच आहे, पण जो दगड हलवता येत नाही त्याच्यापासून फीडर तरी हलवता येतो.

टी-पोस्ट, म्हणजे लोखंडी खांब, प्रत्येक जोडावर एक आणि प्रत्येक पॅनेलच्या मध्यावर एक. पोस्ट आतल्या बाजूला, पॅनेल बाहेरून बांधायचं, कारण रेटा बाहेरून येणार आहे. शेळी पाय टेकवून झुलते तेव्हा पॅनेल पोस्टवर दाबलं गेलं पाहिजे, क्लिपा उसवून सुटता कामा नये. पोस्टची टोकं पॅनेलच्या वर आलेली ठेवू नका, उडी मारणाऱ्या हरणाच्या पोटाला ती लागतात. कापा, निदान प्लॅस्टिकची टोपी घाला. नवऱ्याला पाच फूट हवेत म्हणून वरून एखादी काटेरी तार ओढायचा मोह होईल. ती अजिबात नको. उडी मारताना हरणाचा मागचा पाय वरच्या दोन तारांमध्ये अडकून पिळला जातो, आणि असं लटकलेलं हरीण हिल कंट्रीत, म्हणजे तुमच्या या डोंगराळ पट्ट्यात, कुंपणाकडेने फिरणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेलं असतं. जिथे खडकामुळे पोस्ट जात नाही तिथे पहार मारत रक्त आटवू नका, पोस्ट हातभर सरकवा. जमीन उंचसखल असल्याने पॅनेलखाली फटी राहतील. करडं तिथूनच शिरतात आणि डुकरंही तिथूनच उचकटतात. फटीत दगड भरा, आणि पॅनेलची खालची तार वाकवलेल्या सळईने जमिनीला खिळवून टाका.

विजेचं कुंपण तुमच्यासाठी नाही. कोरड्या खडकाळ जमिनीत अर्थिंग नीट मिळत नाही, झटका लागत नाही, आणि सीडरची फांदी तारेवर पडली की पुढच्या शनिवारपर्यंत कुंपण बंद.

राहिलं दार. वेगळं फाटक घेण्यापेक्षा दोन पॅनेल एकमेकांवर फूटभर चढवून साखळी आणि स्प्रिंगचा हूक लावा. दोरीची गाठ शेळ्या सोडवतात. तुमच्या कुंपणातून शेळ्या आत जाण्याची सर्वात मोठी वाट हीच असणार आहे : मका भरून निघालेला शिकारी आणि न लावलेला हूक.

हरणं आत येतील का? येतील. मध्य टेक्ससमधल्या एडवर्ड्स पठारावर गेली शंभर वर्षं मेंढ्या आणि अंगोरा शेळ्यांसाठी चार फुटी जाळीची कुंपणं आहेत. रॉकस्प्रिंग्ज गाव स्वतःला अंगोरा शेळ्यांची जागतिक राजधानी म्हणवून घेतं. तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण रोज त्या कुंपणांवरून ये-जा करतं. मनात आणलं तर ते याच्या दीडपट उंच उडी मारतं, म्हणून तर ज्यांना हरणं कोंडायची असतात ते आठ फुटी जाळी घालतात. उंचीपेक्षा त्याला बुजवते ती नवी वस्तू. म्हणून कुंपण ऑगस्टच्या अखेरीला उभं करा, शिकारीचा हंगाम सुरू होतो त्या नोव्हेंबरच्या तोंडावर नको. पहिले दोन-तीन आठवडे शेळ्या दुसरीकडे हलवून एक-दोन पॅनेल उघडी ठेवा, हरणांना चालत आत येऊ द्या, मग बंद करा. उंची डोळ्यांत यावी म्हणून वरच्या तारेला पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधल्या तर सुरुवातीला बरं.

तोटा कोणाचा होईल तेही सांगते. तुमच्या भागात पाडसं मे अखेर ते जूनमध्ये जन्मतात. नोव्हेंबरपर्यंत ती 34 इंच ओलांडतात, पण 50 इंचांपुढे बरीच कचरतात, आणि पाडस बाहेर राहिलं की आईही फार वेळ आत थांबत नाही. शिकाऱ्यांना शिंगवाला नर हवा असतो, त्यामुळे ते तक्रार करणार नाहीत. तुम्हाला हरणांना पोसायचं म्हणून मका घालायचा असेल तर मात्र हे कुंपण त्या कामाचं नाही. आणि तुमच्याकडे काळवीट फिरकत असतील तर ते बहुधा बाहेरच राहतील : काळवीट मैदानात एवढ्या उंच उड्या मारतो, पण कुंपण दिसलं की खालून वाकून जायला बघतो. हो, आपलेच काळवीट. ते आणि चितळ 1930च्या दशकात या पठारावर आणून सोडले गेले. भारतात 1972च्या कायद्याने ज्यांना हात लावता येत नाही, त्यांची इथे वर्षभर शिकार चालते, कारण टेक्ससच्या कायद्यात ते परके प्राणी आहेत. सासऱ्यांना हे आधी सांगून ठेवा. पिकअपमध्ये पडलेलं चितळ अचानक दिसलं तर त्यांना धक्का बसेल.

इथपर्यंत तुम्ही विचारलेलं सांगितलं. पण मला विचाराल तर कुंपण ही तुमची दुसरी पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे शेळ्या आणि हरणं एका वेळी एका जागी नसणं, आणि त्याला पॅनेल लागत नाहीत.

फीडर पहाटे आणि संध्याकाळी फिरतात, कारण हरीण त्याच वेळी हिंडतं. शेळी दिवसा चरणारी. जतमध्ये सासरे दिवस मावळायच्या आत शेळ्या कोंडायचे आणि ऊन वर आल्यावर सोडायचे. तेच करा. चकतीचा वेळ इतका कमी करा की उडालेला मका हरणं आणि पाखरं तासाभरात वेचतील. शेळ्या नवाच्या पुढे बाहेर येतील तेव्हा त्यांच्यासाठी काही उरलेलं नसेल. आवाजाला धावायची त्यांची सवयही हळूहळू सुटेल, आणि कोयोटीचाही बंदोबस्त होईल. सासरे इथे किती महिने आहेत? ते रानावर मुक्काम करायला तयार असतील तर तुमचा अर्धा प्रश्न त्यांनीच सोडवला. त्यांना शेळ्या कोंडायला सांगा, लोढणी विसरतील.

ते परत गेल्यावर रोज कोंडणं-सोडणं शेजाऱ्याच्या एका फेरीत बसणार नाही. मग 90 एकरांचे दोन भाग करा. जुन्या पशुपालकांच्या जमिनीत मधलं कुंपण बहुतेक असतंच, मोडकं असेल तर आधी ते दुरुस्त करा, पैसे फीडरच्या कुंपणापेक्षा तिथे घाला. फीडर एका भागात, आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून शेळ्या दुसऱ्या भागात. तुमच्याकडे हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होऊन जानेवारीच्या पहिल्या रविवारी संपतो. त्यानंतर शेळ्या मोकळ्या.

यात हरणांचा फायदा मक्यापेक्षा मोठा आहे. शेळी आणि हरीण दोघंही गवतापेक्षा झुडपांचा पाला आणि रानभाज्यांसारख्या कोवळ्या वनस्पती खाणारे. गायीशी हरणाचं फारसं भांडण नाही, शेळीशी आहे. लाइव्ह ओकच्या खालच्या फांद्या एका रेषेत, चार-पाच फुटांपर्यंत, साफ खाल्लेल्या दिसतात का ते या शनिवारी बघा. दिसत असतील तर तुमच्या रानावर जनावरं जास्त झालीत, आणि फीडरला सोन्याचं कुंपण घातलं तरी हरणं शेजाऱ्याकडेच राहतील. आधी शेळ्या कमी करा, आणि कमी करताना स्पॅनिश आधी विका, बोअर ठेवा.

सगळ्याच विकायच्या असतील तरी करसवलत जाईलच असं नाही. टेक्ससमध्ये 1995 पासून वन्यजीव व्यवस्थापन हेही शेतीच्या मूल्यांकनात, म्हणजे ज्यावर ही करसवलत मिळते त्यात, धरलं जातं. जमीन आधीपासून शेती-मूल्यांकनात असावी लागते, तुमची आहे. सात कामांपैकी निदान तीन दर वर्षी करून दाखवावी लागतात : अधिवास सुधारणं, धूप रोखणं, हिंस्र व उपद्रवी प्राण्यांचं नियंत्रण, जादा पाणी, जादा खाद्य, निवारा आणि गणना. आराखडा लिहून काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे (करासाठी जमिनीचं मूल्य ठरवणारं कार्यालय) अर्ज करावा लागतो. क्रम मात्र उलटा करू नका. अर्ज मंजूर होण्याआधी शेळ्या विकल्या आणि रान वर्षभर रिकामं राहिलं तर जी सवलत वाचवायची तीच धोक्यात.

शिकाऱ्यांशी सगळं तोंडी ठरलंय असं पत्रावरून वाटतं. यंदा लिहून घ्या. कुंपणाचा खर्च कोणाचा, हंगाम संपल्यावर पॅनेल कोणाची, हूक उघडा राहून शेळी मेली तर भरपाई किती, पोती कुठे ठेवायची. आतल्या हरणावर गोळी झाडताना पलीकडच्या भागात शेळ्या आणि माणसं कुठे आहेत, मचाण कुठल्या दिशेला तोंड करून असेल, हेही त्यातच. आणि पैसे घेऊन शिकारीला जमीन देणाऱ्या मालकाला राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचं हंटिंग लीज लायसन्स काढावं लागतं. तुम्ही ते काढल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही.

करारात एक ओळ होल्यांसाठी. खाजगी जमिनीवर मका टाकून हरणाची शिकार टेक्ससमध्ये कायदेशीर आहे. पण होले हे स्थलांतरित पक्षी, त्यांना केंद्राचा कायदा लागतो आणि टाकलेल्या दाण्यावर त्यांची शिकार गुन्हा आहे. दाणा पूर्ण उचलल्यानंतरही दहा दिवस ती जागा आमिषाचीच धरली जाते. मी तुम्हाला ऑगस्ट अखेरीला कुंपण घालून फीडर चालू ठेवायला सांगतेय आणि होल्यांचा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो. तेव्हा त्या चौघांना बंदुका घेऊन फीडरच्या आसपास होले पाडायला बंदी, असं स्पष्ट लिहा आणि सही घ्या.